हजेरीपट, द्राक्षबाग आणि शाळेचं कॅलेंडर

पाटीपेन्सिल
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. पहिली बारा वर्षं नाशिक जिल्ह्यातल्या डोंगराळ पेठ तालुक्यात काढली, मग बदलीत दिंडोरी तालुक्यात आले. ऑर्डर निघाली तेव्हा सगळे म्हणाले, सुटलीस बाई. रस्ता चांगला, नाशिकहून तासाभरात शाळा, मोबाइलला रेंज.

पहिल्याच वर्षी डिसेंबरात मधल्या सुट्टीत शाळेमागच्या द्राक्षबागेकडे गेले होते. बागेच्या दोन लोखंडी अँगलना लुगड्याची झोळी बांधलेली, झोळीत तान्हं पोर, आणि झोका देणारी आठेक वर्षांची पोरगी. मला बघितलं आणि ओळीत आत पळाली. मी नावाने हाक मारली तेव्हा थबकली. पेठच्या शाळेत माझ्याच पहिलीत होती ती. आई दोन ओळी पलीकडे डिपिंग करत होती, मगातल्या औषधात एकेक घड बुडवत. कोपरापर्यंत हात ओले.

त्या दिवशी डोक्यात जे आलं ते अजून जात नाही. पेठेत असताना अशा पोरांच्या नावापुढे मी वर्षानुवर्षं लाल शाईने 'गै' लिहीत आले. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली की पालक 'जगायला' जातात. तिकडे शब्दच तो आहे, मजुरीला गेले असं कोणी म्हणत नाही, जगायला गेले. अर्धा वर्ग रिकामा. होळीला परत येतात, बोहाडा म्हणजे सोंगांचा उत्सव बघतात, पुन्हा जातात, पावसाच्या तोंडावर कायमचे घरी. मी रिपोर्टात लिहायचे, 'पालकांची उदासीनता'. अक्षर चांगलं आहे माझं, शोभून दिसायचं.

आणि इथे दिंडोरीत सर्वेक्षणाच्या कागदावर तीच पोरगी 'शाळाबाह्य'. म्हणजे डोंगराच्या त्या बाजूला सतत गैरहजर, ह्या बाजूला शाळाबाह्य. पोरगी एकच. ती हजर कुठे आहे, असा रकानाच कुठल्या कागदावर नाही.

मग एकदा बसून दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी ठेवली. द्राक्षाचं असं: सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, मग डिपिंग, विरळणी, जानेवारीपासून खुडा म्हणजे तोडणी, तो थेट एप्रिलपर्यंत. बागाईतदार छाटणीपासूनचे दिवस मोजतो, चाळिसावा दिवस, पंचेचाळिसावा दिवस, एक दिवस इकडेतिकडे चालत नाही. आता शाळेचं: नवोदय ह्या सरकारी निवासी शाळेची निवड चाचणी जानेवारीच्या आसपास, शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये. आमच्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय दिंडोरी तालुक्यातच आहे, खेडगावला, द्राक्षाच्या भर पट्ट्यात. त्याच्या आसपासच्या बागेत घड बुडवणाऱ्या बाईच्या मुलीला परीक्षेची तारीखसुद्धा माहीत नसते.

कॅलेंडर बदलता येत नाही असंही नाही. विदर्भात ऊन जास्त म्हणून तिथल्या शाळा जूनमध्ये आपल्यापेक्षा उशिरा उघडतात, आणि ते योग्यच आहे. उन्हासाठी वाकतं, पोटासाठी वाकत नाही.

अजून एक, मग थांबते. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी माझ्या पेठच्या वर्गातल्या मुलाची वही उचलली. चित्र बघून धान्याचं नाव लिहायचं होतं. पोराने लिहिलं होतं 'नागली', मी बरोबरची खूण केली होती. साहेब म्हणाले, बाई, नाचणी हवं, प्रमाण शब्द शिकवा. ज्या घरात रोज नागलीची भाकर होते त्या पोराचं नागलीचं उत्तर चूक, आणि ज्याने नागली जन्मात बघितली नाही, पुस्तकातून 'नाचणी' पाठ केलं, त्याचं बरोबर. मी काय केलं? साहेबांसमोर खोडलं आणि नाचणी लिहिलं. नोकरी नवीन होती.

तर प्रश्न एवढाच. शाळेचं वेळापत्रक, शाळेची भाषा, शाळेची परीक्षा, हे सगळं कोणाच्या घराकडे बघून ठरतं?

---

सिडकोकर
पहिला! धागा आवडला. नागलीवाला किस्सा वाचून पोटात कालवलं.

---

बागलाणी
माझे दोन पैसे. आमच्या घरी अहिराणी. सटाण्याहून नाशिकला अकरावीला आलो, कॉलेज रोडला. पहिल्या आठवड्यात सरांनी विचारलं वही कोणाची, मी म्हणालो 'मनी', म्हणजे माझी. पूर्ण वर्ग हसला, सरही हसले. वाईट हेतूने नव्हे, पण हसले. त्यानंतर दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नाही. शंका असली तरी विचारायची नाही, कारण विचारताना जीभ घसरली तर? बारावीला मार्क कमी पडले, तर घरचे म्हणाले अभ्यास केला नाही. आता इतकी वर्षं पुण्यात आहे, प्रमाण मराठी फर्डी बोलतो. आईशी फोनवर बोलताना ऑफिसमध्ये असलो तर बाहेर जातो, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

---

ओट्यावरचा
पिअर बोर्द्यू नावाच्या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने ह्याला 'सांस्कृतिक भांडवल' म्हटलंय. थोडक्यात, घरातली भाषा, पुस्तकं, मोठ्यांशी बोलायची ढब, हे काही मुलं घरूनच घेऊन येतात. शाळा ते शिकवत नाही, पण मार्क मात्र त्यालाच देते. आणि मग त्याचं नाव 'हुशारी' ठेवते. सगळ्यात मोठी मेख पुढे आहे: जो मागे पडतो त्यालाही पटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. बागलाणी, तुमचं गप्प बसणं म्हणजे तेच.

---

पाटीपेन्सिल
@ओट्यावरचा, डी.एड.ला हे कोणी सांगितलं नव्हतं हो. आम्हाला तक्ते करायला लावले. 🙂

---

कादवाकाठ
ताई, राग मानू नका, पण दुसरी बाजू लिहितो. मी निफाडचा, पाच एकर द्राक्ष. तुम्ही लिहिलं ते वाचताना वाटतं बागाईतदार म्हणजे कोणी सावकार. भो, औषधाचं बिल, मजुरी, बँकेचा हप्ता, आणि वरून मार्चमध्ये एक गारपीट, की बाग झोपली. मुकादमाला उचल आधी दिलेली असते, टोळी आली नाही तर ती उचल बुडाली आणि घडही बुडाले. बाग कोणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही, आमच्या लग्नकार्यासाठीसुद्धा थांबत नाही.

आणि लहान पोरांना आम्ही कामाला लावत नाही. निर्यातीच्या मालाला तर तपासणी असते, असलं काही दिसलं तर माल अडकतो. हे माहिती असावं म्हणून सांगितलं.

---

पाटीपेन्सिल
कादवाकाठ भाऊ, राग कसला. तुम्ही लिहिलंत ते बरं झालं, नाहीतर आम्ही सगळे एकमेकांना +१ देत बसलो असतो.

तुमचं म्हणणं खरं आहे, पोरं घडाला हात लावत नाहीत. पण ती झोळी आठवा. आईचे दोन हात मोकळे राहावेत म्हणून आठ वर्षांच्या पोरीचे दोन हात दिवसभर झोळीला. २०१६ ला बालमजुरीचा कायदा बदलला, त्यात शाळेच्या वेळेनंतर घरच्यांना मदत चालते असं आलं. पण बागेच्या बांधावर भाऊ सांभाळणं हे काम धरायचं की खेळ? तिला मजुरी नाही म्हणून ती मजूर नाही, आणि शाळेत नाही म्हणून विद्यार्थिनीही नाही.

मुलगे थोडे मोठे झाले की कसे का होईना वर्गात येऊन बसतात. मुली येत नाहीत. माझ्याकडे अशी एकही मुलगी सलग महिनाभर आलेली नाही.

---

जुनीपोथी
थोडा इतिहास, कंटाळा आला तर पुढे जा.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. त्यातला मुद्दा आजही जशाच्या तसा उचलता येतो. सरकारचा महसूल येतो कष्टकरी शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. वरचे शिकले की विद्या झिरपत खाली येईल, ही सरकारची समजूत त्यांनी धुडकावली आणि लोकल फंडातला, म्हणजे स्थानिक करातला, निदान निम्मा पैसा प्राथमिक शिक्षणावर खर्चा असं सुचवलं. शाळेत काय शिकवावं हेही सांगितलं, त्यात मोडी, हिशेब आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान होतं. आणि शिक्षक कसा हवा? नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. म्हणजे अभ्यासक्रम आणि मास्तर, दोन्ही कोणाच्या घराकडे बघून ठरवायचे, ह्याचं उत्तर त्यांनी तेव्हाच दिलं होतं. पाटीपेन्सिल, तुमचे साहेब नागली खोडायला आले ते त्यानंतर सव्वाशे वर्षांनी वगैरे.

आपल्या नाशकात तर हा सगळा इतिहास वसतिगृहांच्या भिंतींतून वाचता येतो. गावात चौथीपुढे शाळा नाही, शहरात राहायला खोली नाही, खानावळीत जातीवरून पंगत वेगळी. म्हणून जातीजातींनी आपापली बोर्डिंगं काढली. मराठा विद्या प्रसारक समाज १९१४ चा. कोल्हापूरचे शाहू महाराज १९२० साली उदोजी बोर्डिंगच्या कोनशिलेसाठी स्वतः आले होते. १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला, त्यात पुढे असलेले दादासाहेब गायकवाड दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. आणि १९३७ साल मजेशीर: ह्याच एका वर्षी शहरात भोसला मिलिटरी स्कूल सुरू झालं आणि दादासाहेब बिडकरांनी डांग भागातल्या आदिवासींसाठी डांग सेवा मंडळ काढलं. एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी, दोन माणसांना शिक्षण म्हणजे किती वेगळं काहीतरी वाटत होतं!

---

कादवाकाठ
जुनीपोथी, आमचे आजोबा त्याच बोर्डिंगात शिकले. घरून ज्वारीचं पोतं डोक्यावर घेऊन नाशिकला गेल्याचं सांगायचे. तेव्हा शेतकऱ्याच्या पोराला कोणी दारात उभं करत नव्हतं, म्हणून लोकांनी धान्य-पैसा गोळा करून उभं केलं ते. आता आमच्या गावातल्या सगळ्यांची पोरं इंग्लिश मिडियमला, पिवळी बस दारात येते. त्या बसमधून पोरं जातात ती टोळीच्या पालांवरूनच. हे मी आजवर रोज बघतो, आज पहिल्यांदा लिहिलं.

---

सिडकोकर
अवांतर: मोठ्या शिक्षणसंस्थांच्या निवडणुका बघितल्या का हो नाशिकमध्ये? पॅनल काय, मेळावे काय, आमदारकीला लाजवेल असा थाट. सभासद ठरावीक, बरेचसे वडिलांकडून मुलाकडे आलेले. शाळेत शिकणाऱ्या पोराच्या आईबापाला मत नाही. माझ्या बहिणीने एका संस्थेच्या कॉलेजात घड्याळी तासिकेवर नऊ वर्षं काढली. दर जूनमध्ये नवीन मुलाखत, तेच काम. कायम कोण झालं ते विचारू नका, नातं कसं लागतं ते विचारा. अनुदानित पदाचा पगार सरकारचा, म्हणजे तुमचा-माझा, आणि खुर्चीवर कोणाला बसवायचं हे ठरवणार संस्था.

---

ओट्यावरचा
सिडकोकर, हे अवांतर नाहीच, धाग्याच्या पोटातलंच आहे. पण संस्थांची चर्चा सुरू झाली की पेठची पोरगी मागे पडेल, म्हणून विनंती, वेगळा धागा काढा.

---

कलमबहाद्दर
वकिलीच्या सवयीने कायदा उघडून बघितला. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ९. स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं दिली आहेत. त्यात एक, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल ह्याची खात्री करणं. आणि त्याच यादीच्या शेवटी, शैक्षणिक कॅलेंडर ठरवणं. नीट वाचा, स्थानिक प्राधिकरणाने. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस एवढंच दिवसांचं बंधन आहे. ते २०० दिवस कुठले, हे कायदा सांगत नाही.

म्हणजे पेठ-सुरगाण्याची शाळा पावसाळ्यात जास्त दिवस चालवायची, गणपती-दिवाळीच्या सुट्ट्या छाटायच्या, ह्याला कायद्याची आडकाठी दिसत नाही. प्रत्यक्षात सगळ्या राज्याच्या परीक्षांचं एकच वेळापत्रक वरून येतं आणि खाली सगळे त्यावर सही करतात.

---

पाटीपेन्सिल
बाप रे. सतरा वर्षं नोकरी झाली, हे वाचलंच नव्हतं. पण भाऊ, पावसाळ्यात जास्त दिवस म्हणजे भातलावणीच्या दिवसांत हो. तेव्हा पोरं चिखलात असतात आणि ओहोळाला पाणी आलं की रस्ता बंद. मुळात पेठेत पाऊस धो धो पडतो, पण पाणी पश्चिमेला निघून जातं. भात आणि नागली निघाली की शेतात काही उरत नाही. करंजवण, वाघाड, ओझरखेड, धरणं सगळी घाटाच्या ह्या बाजूला. पाणी इकडे साठलं म्हणून बागा इकडे झाल्या, आणि बागा झाल्या म्हणून माणसं इकडे येतात.

शिवाय २०२३ च्या डिसेंबरात पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करायचा नियम आलाय. एप्रिलची परीक्षा नाही दिली, पुनर्परीक्षा नाही दिली, तर त्याच वर्गात. पुनर्परीक्षेला तरी ती कुठून येणार? आधी निदान ढकलत ढकलत आठवीपर्यंत जायची.

---

हरसूलची
मी ह्या धाग्यावर लिहावं की नाही ते दोन दिवस ठरत नव्हतं. मी तीच पोरगी आहे. म्हणजे तुमची ती नाही ताई, पण तीच.

पाच वर्षांची असताना पहिल्यांदा मोहाडीकडे बागेत गेलो. चौथीपर्यंत दोन शाळांत मिळून किती दिवस बसले असेन सांगता येणार नाही. मग आश्रमशाळेत नाव घातलं आणि तिथे सुटले, कारण तिथे जेवण होतं आणि राहायला होतं, म्हणून आईबरोबर जावं लागलं नाही. आश्रमशाळेबद्दल लोक वाईट बोलतात, बऱ्याच गोष्टी खऱ्याही आहेत. आंघोळीच्या रांगा, थंडीतलं पाणी, आजारी पडलं की घरी पाठवणं. पण मी शिकले ती तिथे झोपायला जागा होती म्हणून. शिकवण्याचं नंतर.

मार्च २०१८ ला नाशिकहून मुंबईला मोर्चा गेला तेव्हा माझी आई चालत गेली होती, वनजमिनीच्या सातबाऱ्यासाठी. शेवटच्या रात्री मुंबईत पोचल्यावर थांबायचं होतं, पण सकाळी दहावीचा पेपर आहे, पोरांना गाड्यांचा त्रास नको म्हणून सगळे रात्रीतूनच आझाद मैदानापर्यंत चालले. आईच्या पायाला फोड होते. टीव्हीवर सगळ्यांनी फार कौतुक केलं. माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी दहावीला होता. आई मोर्चात आणि वडील बागेत, त्याला सेंटरवर सोडायला कोणी नव्हतं. जीपच्या टपावर बसून गेला, त्या दिवसाच्या पेपरला अर्धा तास उशीर.

आता मी नाशिकला नर्सिंग करते. मैत्रिणी विचारतात तू कुठली, मी म्हणते त्र्यंबकची. हरसूल म्हटलं की पुढचा प्रश्न येतो.

---

बागलाणी
हरसूलची, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. शेवटच्या दोन ओळींसाठी +१ देता येत नाही.

---

मुंबैचा_भाचा
वाईट वाटतं, पण एक विचारू? सरकार शिक्षण हमी कार्ड देतं, ते दाखवलं की स्थलांतर केलेल्या गावच्या शाळेत बसता येतं. शाळाबाह्य मुलं शोधायला बालरक्षक शिक्षक आहेत, 'मिशन झिरो ड्रॉपआउट' ही मोहीम झाली. फुकट पुस्तकं, गणवेश, पोषण आहार. अजून किती करायचं? शेवटी पालकांनाच नको असेल तर?

---

हरसूलची
कार्ड माझ्याकडेही होतं. आईने ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं, रेशनकार्डाबरोबर. महत्त्वाचा कागद म्हणून. बागेत नेलं तर भिजेल ना.

---

कादवाकाठ
पाटीपेन्सिल ताई, खूप विचार केला. माझ्याकडे पॅकिंगची जुनी शेड आहे, खुडा सुरू होईपर्यंत रिकामीच असते. यंदाची टोळी पेठेकडचीच आहे. तुमची शाळा माझ्यापासून लांब, पण आमच्या गावातल्या बाईंशी बोललो, त्या दुपारी दोन तास यायला तयार आहेत. मुकादमाला सांगितलं तर तो म्हणतो, मोठ्या पोरी तिकडे बसल्या तर तान्ही कोण सांभाळणार? बायका दर दहा मिनिटांनी झोळीकडे पळाल्या तर दिवसाचा रोज भरणार नाही. म्हटलं मग तान्ह्यांनाही शेडमध्येच आणा. अंगणवाडीच्या ताईला विचारलं, तर तिचा हिशेब वेगळाच: ही बाळं पेठच्या अंगणवाडीत नोंदलेली, त्यांचा आहार तिकडे येतो, इकडे ती कोणाच्या नावावर वाटणार?

तरी सुरू केलंय. काल सात पोरं आली. त्यातल्या चौघींच्या कडेवर एकेक.

---

पाटीपेन्सिल
भाऊ, हात जोडते. सात म्हणजे खूप आहेत.

माझ्याकडची खबर. त्या पोरीचं नाव माझ्या शाळेत रीतसर घालायला गेले, तर पोर्टल घेईना. आधार आधीच दुसऱ्या शाळेला जोडलेलं. पेठच्या माझ्या जुन्या शाळेतल्या सरांना फोन केला, म्हटलं तुमच्याकडून नाव सोडा. सर भला माणूस, माझ्या डोळ्यांसमोर रुजू झाला. बराच वेळ गप्प. मग म्हणाला, बाई, पट आधीच वीसच्या काठावर आहे. तुम्ही एक नेलीत, मग दिंडोरीचे बाकीचेही नेतील. पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्या संचमान्यतेत माझं पद गेलं तर ह्या गावात शाळाच राहणार नाही, आणि जूनमध्ये ही पोरं परत आली की कुठे बसतील?

मला उत्तर सुचलं नाही. तो चूक नाहीये.

---

सिडकोकर
मग काय केलंत?

---

पाटीपेन्सिल
सर म्हणाला होळीपर्यंत थांबा, होळीला ती गावी येईल तेव्हा तिच्या वडिलांशी बोलतो. तोवर त्याच्या हजेरीपटात ती गैरहजर आहे. माझ्या हजेरीपटाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिचं नाव पेन्सिलने लिहिलंय, ह्या आठवड्यात तीन दिवस आली. भाऊ पायाशी पोत्यावर झोपतो. तपासणीला कोणी आलंच तर पान खोडरबराने पुसता येईल असं आहे.